गिरणीमागची दौंड-शिरूर लाईन

शिरूरला रेल्वे नाही. एसटीचा डेपो आहे, मार्केट यार्ड आहे, घोडनदी आहे, नगर रस्त्यावर रात्रंदिवस भोंगे आहेत, पण रेल्वे नाही. ती येणार, येणार, असं मी चड्डीत असल्यापासून ऐकत आलो. मधल्या काळात मला फुलपँट आली, मिशी आली, चष्मा आला, ढेरी आली. रेल्वे तेवढी आली नाही.

शेवटी ती मी आणली. माझ्या पिठाच्या गिरणीमागं पोती ठेवायची खोली आहे. तिच्या तीन भिंतींना लागून, कमरेएवढ्या उंचीवर, दौंड ते शिरूर अशी लाईन आज उभी आहे. दाराशी दौंड, खिडकीपाशी शिरूर. मध्ये पाटस, चौफुला, न्हावरा. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. माझी बायको तर अजून हसतेच आहे.

ही गोष्ट मी घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात सांगतो. दर वेळी तिला थोडं पीठ जास्त लागतं, असा माझ्यावर आरोप आहे. म्हणून एकदा लिहूनच काढतो. लिहिलेल्याला तरी माणूस मोजून पाणी घालतो.

सुरुवात एका खिळ्यापासून झाली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासुरवाडीला, दौंडला गेलो होतो. माझे सासरे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे आप्पा, तेव्हा रेल्वेत गँगचे मेट होते. दहा-बारा माणसांची गँग आणि तिच्या ताब्यात काही मैलांचा रूळ. त्या तुकड्याला ते 'माझी लेंथ' म्हणत. आपल्याकडं लोक 'माझी विहीर' म्हणतात, त्याच आवाजात. रोज रूळ तपासायचा, खिळे-चाव्या ठोकायच्या, खडी स्लीपरखाली कुदळीनं ठासून भरायची, हे त्यांचं काम. हात असे की कुलूप बिघडलं तर कुलूपच घाबरायचं.

तर सासूबाईंना देवाचा एक फोटो भिंतीवर लावायचा होता. नव्या जावयाला वाटलं, आपणही काही कमी नाही. "द्या इकडं, मी ठोकतो." तीन घावांत खिळा आत गेला. चौथ्या घावाला भिंतीतून पाण्याची धार उडाली आणि थेट माझ्या नव्या सफारीवर आली. आत मोरीच्या नळाचा पाईप होता. दौंडला नळाला एक दिवसाआड पाणी, आणि ते नेमकं त्याच वेळी आलेलं. आप्पा ड्यूटीवरून येत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, भिंतीतल्या भोकावर अंगठा दाबला आणि माझ्याकडं न बघता, अगदी शांतपणे म्हणाले,

"पाव्हणं, तुम्ही बसा."

ती दिवाळी आणि पुढची सव्वीस वर्षं, मी बसलो आहे. सासुरवाडीत बल्ब गेला, मी उठलो, "पाव्हणं, तुम्ही बसा." सिलिंडर बदलायचा होता, "तुम्ही बसा." एकदा सत्यनारायणाचा नारळ फोडायला उठलो तर भटजींच्या आधी आप्पाच म्हणाले. बाहेरच्यांना वाटायचं, काय मान आहे जावयाचा! मला आणि बायकोला तेवढं माहीत होतं की तो मान नाही, सावधगिरीचा बोर्ड आहे. रेल्वेत खराब रुळाच्या आधी लावतात तसा.

मग मागचा अधिक महिना आला. अधिकात जावयाला जेवायला बोलावून पुरणाचे धोंडे वाढायचे आणि काहीतरी वाण द्यायचं, ही आपली रीत. मी तीन धोंडे तुपात बुडवून खाल्ले होते. चौथा अर्धा झाला होता. डोळे जड झाले होते. आप्पा म्हणाले, "ह्या टायमाला तुमच्या मनासारखं देऊ. अंगठी करायची का? का कापडं?"

तेवढ्यात घरामागून एक मालगाडी गेली. फडताळातली भांडी वाजली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आगगाडी."

सगळं घर हसायला लागलं. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की उरलेला अर्धा धोंडा मी ताटात परत ठेवला. हसले नाहीत ते एकटे आप्पा. त्यांनी विचारलं, "मालगाडी का पाशिंजर?"

पुढं शिवरात्रीला दौंडला गेलो, तर त्यांनी पुण्याहून खरंच आणलेली. वीतभर इंजिन, चार डबे, त्यांत एक मालाची सपाट वाघीण, रुळांचे तुकडे आणि वीज द्यायचा डबा. खोकं माझ्या हातात दिलं आणि खिशातून सोड्याच्या बाटलीचं एक पत्र्याचं झाकण काढून त्यावर ठेवलं.

"गाडी मी दिली. लाईन तुमची तुम्ही टाका. पाडव्याला बघायला येतो. माझ्या लेंथमधनं गाडी जायची, तवा डायवरच्या कपातला चा हालायचा न्हाई. ह्या टोपणात काठोकाठ पाणी भरायचं, वाघिणीवर ठेवायचं, आन् दौंडवरनं शिरूरला आणायचं. सांडलं न्हाई, तर चार माणसांत म्हणीन, माझ्या जावयाला हात हायेत."

"आणि सांडलं तर?" बायकोनं विचारलं. तिला नको तिथं प्रश्न पडतात.

"तर बसतील की. बसायची सवय हाय त्यांस्नी."

एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसलो. पाटसच्या पुढं कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "लेकराला का?" मी हो म्हणालो. माझं लेकरू तेवीस वर्षांचं आहे आणि पुण्यात कंपनीत नोकरी करतं, हे सांगायची ती वेळ नव्हती.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मी फळ्या लावल्या. गिरणीचा जुना पट्टा होता, कॅनव्हासचा. त्याच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापून फळीवर चिकटवल्या, म्हणजे रूळ नुसत्या लाकडावर आपटू नये. इथपर्यंत मी फार हुशारीनं वागलो, हे कृपया लक्षात ठेवा. पुढं आठवण येईलच असं नाही.

मग रूळ पक्का करायचा होता. आप्पा बघणार म्हटल्यावर मी तो असा पक्का केला की भूकंपात घर पडलं असतं पण रूळ हालला नसता. बारीक खिळे, दर दोन स्लीपरला एक, आणि प्रत्येक खिळा डोकं आत जाईपर्यंत ठोकलेला. गाडी सोडली. दौंड सोडलं, पाटसचं वळण आलं आणि इंजिन रुळावर चढून शेतात गेलं. पुन्हा लावलं, पुन्हा शेतात. त्या आठवड्यात पाटसचं ऊस क्षेत्र बरंच तुडवलं गेलं.

बायको चहा घेऊन आली आणि कप हातात धरूनच बघत उभी राहिली.

"अहो, तो रूळ आहे का दरोडेखोर? किती बांधून घातलाय त्याला!"

"हालायला नको म्हणून."

"हालायला नको, पण गुदमरायलाही नको ना. स्लीपर बघा, मधनं वाकलेत. रूळ आत ओढले गेलेत दोन्ही." तिनं कप ठेवला, पक्कड घेतली आणि एकेक खिळा केसभर वर उचलत गेली. "आप्पा गँगमधल्या नव्या माणसाला सांगायचे, रूळ आवळायचा न्हाई, धरायचा. आणि सांध्यात फट ठेवा थोडी. वर पत्रा आहे, उन्हात रूळ वाढतो. कुठं जाईल तो?"

ही बाई सव्वीस वर्षं माझ्याबरोबर शिरूरला राहिली, पण लहानपणी रुळाच्या कडेला वाढली हे मी विसरलोच होतो. गाडी पाटसहून सुरळीत गेली. चहा गार झाला. मी तो तसाच प्यालो आणि मनात म्हणालो, खडीच्या वेळी मात्र आपणच आपलं डोकं चालवायचं.

ते चालवलं. आता जे सांगतो ते फक्त गिरणीवालाच करू शकतो.

खडी कुठून आणायची हा प्रश्न होता. नदीची वाळू आणली तर ती गोल. रुळाखाली गोल दाणा घसरतो. विटांचा चुरा लाल पडतो. एक दिवस एका मावशींची बाजरी भरडत होतो, गाईच्या आंबोणाला. पेटीत भरड पडत होती. करडी, निळसर, टोकेरी. मी मूठभर घेऊन उन्हात नेली. देवाशपथ सांगतो, दौंडच्या यार्डातली खडी कुणीतरी जादूनं बारीक करावी, तशी दिसत होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. प्रत्यक्षात तिथवर माझा हात पोचत नाही.

दोन शेर बाजरी भरडली. चमच्यानं रुळांच्या मध्ये आणि दोन्ही कडांना पसरली, दात घासायच्या जुन्या ब्रशनं सारखी केली, आणि सुताराच्या पांढऱ्या गोंदात निम्मं पाणी घालून वरून सोडलं. काय दिसलं म्हणता! मी लेकीला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, "बाबा, हे खरंच तुम्ही केलंत?" त्या 'खरंच'कडं मी दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या दिवशी खोलीत वास यायला लागला. आंबिलीचा. आंबट, ओळखीचा, जेवणाची आठवण करून देणारा. बाजरी ती बाजरीच. पाणी मिळालं, फुगली. चौफुल्याजवळ रूळ पोटातून वर उचलला गेला होता, जणू खालून कोणी उठायला बघतंय. गाडी सोडली तर ती सुरवंटासारखी चढली, उतरली आणि आडवी झाली. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. शिस्तीत, एकेरी, रुळाच्या कडेकडेनं. माझ्या लाईनीवरून पहिली मालवाहतूक मुंग्यांनी केली. आणि चौथ्या दिवशी सकाळी पाटस ते चौफुला खडीच नव्हती. उंदरानं खाल्ली होती. गोंदासकट.

बायकोनं हे सगळं आप्पांना फोनवर सांगितलं. स्पीकर चालू ठेवून. पलीकडं आधी खोकला ऐकू आला, मग तो खोकला नाही, हसू आहे हे कळलं.

"पाव्हण्यांनी रुळाला भाकरी चारली व्हय? अगं, माझ्या उभ्या जन्मात लाईन उपाशी मेलेली बघितली न्हाई मी!" आणि मग हसू आवरून, "त्यांस्नी म्हणावं, बसा आता."

बायकोचाही जीव कळवळला असावा. ती म्हणाली, "आप्पा, घरामागं लाईनीच्या कडेला केवढी खडी पडलेली असते. येताना एक पिशवी आणा ना. इथं फोडून बारीक करतील ते."

हसू एकदम थांबलं. "पस्तीस वर्सं लाईनीवर काढली. रेल्वेचा एक खडा खिशात घालून आणला न्हाई. आता जावयासाठी चोर होऊ व्हय?"

फोन ठेवल्यावर मी उलथनं घेतलं, कोमट पाणी घेतलं आणि सगळी भरड खरवडून काढली. बादलीभर निघाली. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीपुढं ठेवली. तिनं हुंगलं, माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. पाडव्याला पंधरा-सोळा दिवस उरले होते. खोलीत नुसते रूळ होते, खाली काही नाही. खरं सांगतो, फळ्या काढून पुन्हा पोती लावावीत असा विचार मनात आला. निदान पोत्यावर बसता तरी आलं असतं.

त्याच आठवड्यात गिरणीच्या दगडांना टाकी लावायची वेळ आली. गिरणीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात. मग पीठ तापतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, भाकरी थापत नाही. म्हणून दगड उघडून छिन्नी-हातोडीनं त्याच्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. हे काम मी वडिलांकडून शिकलो. पूर्वी टाकीवाले फिरायचे, आता ते मिळत नाहीत, म्हणून मीच करतो. डोळ्याला चष्मा, डोक्याला फडकं, आणि टक् टक् टक्. दुपारभर.

एक कपची उडाली आणि चष्म्याच्या काचेवर येऊन आदळली. मी चष्मा काढला. पुसायला गेलो आणि थांबलो. काचेच्या कडेला अडकलेला तो दगडाचा कण बोटावर घेतला. करडा. निळसर. टोकेरी. आणि मुख्य म्हणजे दगडाचा! फुगणार नाही, आंबणार नाही, उंदरानं खायचा म्हटला तर आधी दात बांधून आणावे लागतील.

तीसेक वर्षं मी ह्या कपच्या झाडून दारामागच्या कोपऱ्यात लोटत होतो. तिथं ढीगच होता. मी टाकी अर्धी टाकून कोपऱ्याकडं धावलो. पिठाची चाळणी घेतली, धूळ खाली गेली. वर राहिलेलं रव्याच्या चाळणीत घातलं, मोठे तुकडे वर राहिले. आणि दोन्हींच्या मध्ये जे मिळालं, ती खडी. खरी खडी! मी चाळणी डोक्यावर धरून गोल फिरलो. दारात डबा घेऊन एक मावशी उभ्या होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "दगड बसवायचाय का नाचून झाल्यावर येऊ?"

खडी मिळाली तरी ती बसेना, हेही सांगायला हवं. कोरड्या दगडावर गोंदाचं पाणी घातलं की त्याचा थेंब गोळा होऊन घरंगळतो आणि कपच्या त्याच्याबरोबर पोहत रुळावर येतात. दोन दिवस मी हा पोहण्याचा कार्यक्रम बघितला. मग बायकोनंच इस्त्रीचा फवारा आणला, त्यातल्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकले आणि म्हणाली, "तेलकट कढईवर नुसतं पाणी टिकतं का कधी?" साबणाच्या पाण्यानं खडी आधी भिजवायची, मग औषधाच्या ड्रॉपरनं गोंद थेंब थेंब सोडायचा. तो गपकन आत गेला. जणू वाटच बघत होता.

त्यानंतर एक दिवस बोट लावायचं नाही. सगळ्यांत अवघड काम हेच होतं. मी खोलीला कुलूप लावून किल्ली बायकोकडं दिली.

पाडव्याला आप्पा सकाळच्या एसटीनं आले. हातात काठी, डोक्यावर टोपी, चाल पहिल्यापेक्षा हळू. गुढीला नमस्कार केला, पाणी प्याले आणि म्हणाले, "चला. आधी लाईन, मग श्रीखंड."

मी पाटसच्या साखर कारखान्याला अगरबत्तीच्या पुड्याची चिमणी केली होती. न्हावऱ्याला झाडं लावली होती, भीमेवर पूल बांधला होता. त्यातल्या कशाकडंही त्यांनी बघितलं नाही. गव्हाचं एक पोतं फळीजवळ ओढायला सांगितलं, त्यावर बसले, टोपी काढली, हनुवटी फळीवर टेकवली आणि एक डोळा मिटून रुळाच्या कडेनं लांबवर बघत राहिले. बायको माझ्या कानात म्हणाली, "असेच पालथे पडून बघायचे, लाईनीवर."

मी ड्रॉपरनं टोपण भरलं. पाणी काठाच्याही जरा वर, फुगून उभं राहिलं. वाघिणीवर ठेवलं. हात पुसले. बटण फिरवलं.

गाडी दौंडहून सुटली. पाटस गेलं. वळणावर पाणी एका कडेला झुकलं आणि सावरलं. चौफुला गेला. न्हावरा आला, आणि एका सांध्यावर वाघीण किंचित दबली. जेमतेम. पण दबली. टोपणाच्या कडेवरून एक थेंब ओघळला.

आप्पांनी गाडी थांबवायला हात वर केला. वाघिणीवर बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"सांडलं."

"आप्पा, एक थेंब!" बायको म्हणाली.

"थेंबबी पाणीच असतंय."

मला आठवतं, माझे गुडघे आपोआप वाकले होते. दुसरं पोतं मागं होतंच. सव्वीस वर्षांची सवय. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "बसताय कुठं? हिकडं या. हनुवटी ठेवा हितं."

मी त्यांच्याशेजारी हनुवटी ठेवली. एक डोळा मिटला. आणि दिसलं. रुळाची वरची कड खिडकीतल्या उजेडात चकाकत सरळ गेली होती, फक्त न्हावऱ्याच्या सांध्यापाशी तिला जरासं पोट पडलं होतं. वरून बघून जन्मात दिसलं नसतं.

"खडी ढिल्ली हाय खाली. उचलून भरावी लागंल," ते म्हणाले. त्यांनी कोमट पाणी मागितलं, सांध्यावर सोडलं, गोंद मऊ होऊ दिला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन रुळाखाली घालायला गेले. टोक रुळाला लागलं आणि थरथरलं. पुन्हा लावलं, पुन्हा थरथरलं. चार-पाच कपच्या उडून पडल्या. आप्पांनी हात मागं घेतला आणि आपल्या हाताकडं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं, बघत राहिले.

मग त्यांनी तो स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"पाव्हणं, तुम्ही करा. मी बसतो."

मी वर बघितलंच नाही. रूळ उचलला. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा नखाएवढा कपटा बायकोनं कापून दिला, तो खाली सरकवला. आप्पा हनुवटी फळीवर ठेवून सांगत होते, "वर. अजून. अजून जरा. बास! आता थोडं खाली घ्या. हां." मी कपच्या पुन्हा भरल्या, ब्रशनं ठासल्या. त्यांनी एक कपची चिमटीत घेतली, दोन बोटांत फिरवली.

"ही खडी कुठली?"

"गिरणीच्या दगडाची. टाकी लावताना उडते ती."

"टाकी कोण लावतं?"

"मीच."

"कवापासनं?"

"तीसेक वर्षं झाली."

आप्पांनी ती कपची नखानं दाबून बघितली. दगडाला टाकी लावणं काय असतं ते त्यांना सांगायला नको होतं. शेवटी म्हणाले, "आन् मग आमच्या भिंतीत खिळा का वाकडा गेला?"

"आप्पा, खिळा सरळच गेला होता. पाईप मध्ये आला."

बायको तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. श्रीखंड खाताना तिला दोनदा ठसका लागला.

गोंद वाळायला रात्र जाऊ द्यावी लागली. आप्पा मुक्कामी राहिले. सकाळी मी टोपण भरायला घेतलं, तर ते म्हणाले, "आधी चक्की लावा."

"आप्पा, चक्की लावली की सगळी खोली हादरते!"

"मग? खऱ्या लाईनीवर काय हादरा नसतोय? थरथर हाय म्हणून तर खडी टाकायची. न्हाईतर रूळ सिमेंटातच बसवला नसता का?"

दळणाची वेळ होतीच. गिरणी चालू केली. पट्टा फिरला, भिंत घुमायला लागली, फळ्या हातांना गुदगुल्या करायला लागल्या. टोपणातल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठली. डबे घेऊन आलेल्या चार-पाच बाया दारात जमल्या. "काय चाललंय?" "गप, पाणी सांडंल."

गाडी सुटली. पाटस. चौफुला. भीमेचा पूल. न्हावऱ्याचा तो सांधा आला, आणि वाघीण त्यावरून अशी गेली जशी तव्यावरून लोणी. पाण्यावरची वर्तुळं थरथरत होती, काठावर जाऊन परत येत होती, पण काठ ओलांडत नव्हती. शेवटचं वळण. खिडकीतून ऊन पडलं होतं, त्यात गाडी शिरली आणि शिरूरला थांबली.

आप्पांनी टोपण उचललं. वाघिणीवरून बोट फिरवलं, ते उजेडात धरलं. कोरडं. मग ते पाणी त्यांनी तीर्थासारखं पिऊन टाकलं, मिशी पुसली आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून, दारातल्या सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"माझ्या जावयाला हात हायेत!"

चार माणसांत म्हणीन म्हणाले होते. माणसं मोजायची तर मावशी, त्यांची सून, दोन शेजारणी आणि एक वाट चुकून आत आलेले अंडेवाले. पाच झाली. मी त्या दिवशी सगळ्यांचं दळण इतकं बारीक काढलं की दोघींनी परत येऊन तक्रार केली.

आता ह्यातलं खोटं काय, असं लोक विचारतात. काहीच नाही. उंदरानं पाटस ते चौफुला नाही, चौफुला ते पाटस खाल्लं, एवढाच काय तो फरक असेल.

त्यानंतर महिन्याभरानं दौंडहून फोन आला. आप्पांचा होता, आणि बायकोला नव्हता, मला होता. "पाव्हणं, मोरीतला नळ गळतोय. प्लंबर येतो म्हणतो आन् येत न्हाई. सवड काढून या." मग जरा थांबून, "येताना पान्हा घेऊन या. खिळं नका आणू."

मी त्याच दिवशी गिरणी लवकर बंद केली. नवा पान्हा पिशवीत मावत नव्हता, म्हणून मांडीवर घेऊन बसलो. न्हावऱ्याच्या पुढं कंडक्टर आला. त्यानं पान्ह्याकडं बघितलं.

"नळाची कामं करता का?"

"सगळीकडं नाही," मी म्हणालो, "फक्त सासुरवाडीला."